आकलकाची अभिनती कशी ओळखायची, कशी मोजायची आणि कधी चालवून घ्यायची

नमुन्याचं प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, काढताना सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या बेरजेला नमुन्याच्या आकाराने भागायचं की त्यातून १ वजा करून? संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि बहुतेकांना त्याचं उत्तर सूत्र म्हणून पाठ करावं लागतं. मला हे फार खटकतं. त्या वजा १ मध्ये अंदाज बांधण्याच्या शास्त्राचा गाभा आहे, आणि तो समजून घ्यायला कागद, पेन आणि तीन आकडे पुरतात. या लेखात तेच करू. नंतर अनभिनत असणं, म्हणजे सरासरीने कोणत्याही एका बाजूला न झुकणं, हा गुण कुठे उपयोगी पडतो आणि कुठे त्याच्या मागे लागणं महागात पडतं, तेही पाहू.

आधी शब्द पक्के करू

ज्या सगळ्या गोष्टींबद्दल आपल्याला जाणून घ्यायचं आहे तो पूर्ण संच म्हणजे समष्टी. समष्टीचा जो आकडा हवा आहे, उदाहरणार्थ तिची सरासरी किंवा प्रचरण, तो प्राचल. प्राचल ठरलेला असतो, फक्त आपल्याला ठाऊक नसतो. समष्टीतून आपण नमुना उचलतो आणि त्यावर एक कृती करून प्राचलाचा अंदाज काढतो. ती कृती म्हणजे आकलक, इंग्रजी वळणाने एस्टिमेटर. कृतीतून एखाद्या वेळी जो आकडा हाती येतो तो अंदाज.

कृती आणि आकडा यांतला हा फरक नीट धरून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘माझा अंदाज ४.३ आला, तो अभिनत आहे का?’ या प्रश्नाला अर्थच नाही. तो आकडा खऱ्या प्राचलाच्या जवळ असेल किंवा लांब असेल, एवढंच. अभिनत किंवा अनभिनत असते ती कृती. तीच कृती सगळ्या शक्य नमुन्यांवर केली आणि येणाऱ्या अंदाजांची सरासरी घेतली, तर ती खऱ्या प्राचलावर येते का? येत असेल तर आकलक अनभिनत. नसेल तर सरासरी आणि खरा प्राचल यांतलं अंतर म्हणजे अभिनती, अर्थात बायस. अंतर उणे असेल तर आकलक कमी दाखवणारा, अधिक असेल तर जास्त दाखवणारा.

पायरी पहिली: सगळे नमुने कागदावर मांडा

समष्टीत तीनच आकडे आहेत असं समजा: १, ७ आणि १०. सरासरी ६. सरासरीपासूनची अंतरं उणे ५, १ आणि ४, त्यांचे वर्ग २५, १ आणि १६, बेरीज ४२, म्हणून समष्टीचं प्रचरण ४२ भागिले ३, म्हणजे १४. हे दोन्ही प्राचल इथे आपल्याला ठाऊक आहेत, आणि म्हणूनच आकलकांची परीक्षा घेता येते.

आता दोन आकड्यांचा नमुना घ्यायचा. एक आकडा उचलायचा, टिपायचा, परत ठेवायचा आणि मग दुसरा उचलायचा. असे एकूण ९ नमुने शक्य आहेत आणि प्रत्येकाची शक्यता सारखी आहे.

| नमुना | किती वेळा | सरासरी | वर्गांची बेरीज भागिले २ | वर्गांची बेरीज भागिले १ |
|---|---|---|---|---|
| १, १ | १ | १ | ० | ० |
| १, ७ | २ | ४ | ९ | १८ |
| १, १० | २ | ५.५ | २०.२५ | ४०.५ |
| ७, ७ | १ | ७ | ० | ० |
| ७, १० | २ | ८.५ | २.२५ | ४.५ |
| १०, १० | १ | १० | ० | ० |

तक्ता नुसता वाचू नका, एकदा स्वतः करून पाहा. एका ओळीची रीत सांगतो. नमुना १ आणि ७, त्याची सरासरी ४, अंतरं उणे ३ आणि ३, वर्गांची बेरीज १८. २ ने भागलं तर ९, १ ने भागलं तर १८.

पायरी दुसरी: प्रत्येक स्तंभाची सरासरी काढा

नमुन्यांच्या सरासरींची बेरीज ५४ येते, ९ ने भागल्यावर ६. समष्टीची सरासरीही ६ आहे. म्हणजे नमुन्याची सरासरी ही समष्टीच्या सरासरीची अनभिनत आकलक आहे. गंमत बघा, एकाही नमुन्याने ६ हे उत्तर दिलेलं नाही. तरी कृती अनभिनत आहे.

पुढचा स्तंभ, २ ने भागलेला. बेरीज ६३, सरासरी ७. खरं प्रचरण १४, म्हणजे हा आकलक सरासरीने बरोबर निम्मंच दाखवतो. शेवटच्या स्तंभाची बेरीज १२६ आणि सरासरी १४. नेमकं हवं ते.

आता याच तक्त्यावर आणखी दोन आकलक तपासून घ्या. समष्टीतली सगळ्यात मोठी संख्या १० आहे. नमुन्यातल्या मोठ्या संख्येने तिचा अंदाज बांधला तर ९ नमुन्यांची सरासरी ८ येते. हे व्हायचंच होतं, कारण नमुना समष्टीच्या महत्तम संख्येपलीकडे जाऊच शकत नाही. आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या? समष्टीचा मध्यक ७, पण दोन आकड्यांच्या नमुन्याचा मध्यक म्हणजे त्यांची सरासरीच, तेव्हा उत्तर ६. तीच कृती समष्टीच्या सरासरीसाठी अनभिनत आहे आणि मध्यकासाठी अभिनत. ‘अनभिनत’ म्हटलं की ‘कशासाठी?’ हे सोबत विचारायलाच हवं.

एक बारकावा बऱ्याचदा निसटतो. आकडा परत न ठेवता नमुना घेतला तर तीनच जोड्या उरतात, आणि १ ने भागलेल्या प्रचरणांची सरासरी १८, ४०.५ आणि ४.५ यांवरून २१ येते. हे १४ नाही. पण समष्टीची वर्गांची बेरीज ४२ ही ३ ऐवजी २ ने भागा, २१ मिळतात. लहान समष्टीतून परत न ठेवता निवड करत असाल, तर आपला आकलक नेमक्या कोणत्या प्रचरणाचा अंदाज देतो हे आधी ठरवा. समष्टी प्रचंड मोठी असेल तर हा फरक विसरलात तरी चालेल.

तो १ कुठून येतो

आपल्याला अंतरं मोजायची असतात समष्टीच्या सरासरीपासून. ती ठाऊक नसते, म्हणून आपण नमुन्याचीच सरासरी वापरतो. आणि नमुन्याची सरासरी हा असा बिंदू आहे की त्याच्यापासून त्या नमुन्याच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येते. दुसऱ्या कोणत्याही बिंदूपासून मोजा, बेरीज वाढेलच. म्हणजे आपण दर वेळी सगळ्यात लहान बेरीज देणारा बिंदू निवडून बसलेलो असतो. मोजमाप कमी येणार हे इथेच ठरतं.

किती कमी? १ आणि ७ चाच नमुना घ्या. खऱ्या सरासरीपासून, म्हणजे ६ पासून, वर्गांची बेरीज २५ अधिक १, एकूण २६. नमुन्याच्या सरासरीपासून ती १८ होती. तफावत ८. आता नमुन्याची सरासरी ४ आणि खरी ६ यांतलं अंतर २, त्याचा वर्ग ४, गुणिले नमुन्याचा आकार २, म्हणजे ८. हा योगायोग नाही, प्रत्येक नमुन्याला लागू पडणारी ही बैजिक समता आहे: खऱ्या सरासरीपासूनची वर्गांची बेरीज बरोबर नमुन्याच्या सरासरीपासूनची वर्गांची बेरीज अधिक नमुन्याचा आकार गुणिले दोन सरासरींमधल्या अंतराचा वर्ग.

आता तिन्ही पदांची सर्व नमुन्यांवरची सरासरी घ्या. पहिलं पद सरासरीने नमुन्याचा आकार गुणिले प्रचरण एवढं येतं. शेवटच्या पदातल्या अंतराच्या वर्गाची सरासरी म्हणजे नमुन्याच्या सरासरीचं प्रचरण, आणि ते समष्टीच्या प्रचरणाला नमुन्याच्या आकाराने भागून मिळतं. त्याला परत नमुन्याच्या आकाराने गुणलं की उरतं बरोबर एक प्रचरण. नमुना २ चा असो की २००० चा, सरासरीने गळती होते ती नेमकी एका प्रचरणाची. म्हणून हाती उरतात ‘नमुन्याचा आकार वजा १’ इतकी प्रचरणं, आणि भागायचं तेवढ्यानेच.

मला हा युक्तिवाद फार सुंदर वाटतो, कारण त्यात वितरण प्रसामान्य, म्हणजे आकड्यांची मांडणी घंटेच्या आकाराची (नॉर्मल), असल्याचं कुठेही गृहीत धरलेलं नाही. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असावीत आणि प्रचरण मर्यादित असावं, एवढंच लागतं. या दुरुस्तीला जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांचं नाव मिळालं आहे.

समष्टीची सरासरी आधीच ठाऊक असेल तर गळती होतच नाही, तेव्हा पूर्ण आकारानेच भागा. उलट प्रतिगमनात, म्हणजे एका राशीचा अंदाज इतर राशींवरून बांधणाऱ्या रिग्रेशनमध्ये, एका सरासरीऐवजी अनेक गुणांक नमुन्यातूनच काढलेले असतात. मग जितके गुणांक, त्यात स्थिरपदही आलं, तितके वजा करून भागायचं. स्वातंत्र्य मात्रा म्हणतात त्या याच.

पायरी तिसरी: वर्गमुळापाशी थांबा

१ वजा करून मिळालेलं प्रचरण अनभिनत आहे, मग त्याचं वर्गमूळ काढून मिळणारं प्रमाण विचलनही अनभिनत असेल, असं सहज वाटतं. तसं नाही. तक्त्याच्या शेवटच्या स्तंभातल्या प्रत्येक संख्येचं वर्गमूळ घेऊन सरासरी काढा. ती २.८३ येते. १४ चं वर्गमूळ मात्र ३.७४.

वर्गमुळाचा आलेख वर चढताना वाकत जातो. मोठ्या संख्यांना तो जास्त दाबतो, म्हणून आधी मूळ घेऊन मग सरासरी काढली तर ती नेहमी कमी भरते. अनभिनतता फक्त सरळ रेषेतल्या बदलांमध्ये टिकते: स्थिरांकाने गुणा, स्थिरांक मिळवा, हरकत नाही. वर्ग, मूळ, व्यस्त किंवा लॉगरिदम घेतला की ती सहसा जाते. प्रसामान्य वितरणासाठी प्रमाण विचलनाची ही तूट मोजून ठेवलेली आहे: नमुना ५ चा असेल तर सरासरी अंदाज खऱ्या विचलनाच्या ०.९४० पट येतो, १० चा असेल तर ०.९७३ पट. कारखान्यांतल्या गुणवत्ता नियंत्रणाच्या तक्त्यांमध्ये, जिथे नमुने चार-पाच नगांचेच असतात, या गुणकाने भागून दुरुस्ती करण्याची पद्धत आहे. एरवी लोक ही अभिनती सोडून देतात, आणि मोठ्या नमुन्यात ते योग्यच आहे.

महत्तम संख्येचा अंदाज

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवते हे हवं होतं. हाती होते पकडलेल्या आणि निकामी झालेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक. मिळालेला सगळ्यात मोठा क्रमांक हाच अंदाज धरला तर तो कमी पडणार हे आपण वर पाहिलंच. दुरुस्ती अशी: १ पासून सुरू होणाऱ्या क्रमांकांमधून ५ क्रमांक मिळाले आणि सगळ्यात मोठा १२० असेल, तर त्याच्याखाली ११५ न दिसलेले क्रमांक आहेत, म्हणजे ५ पोकळ्यांत सरासरी २३. तेवढीच पोकळी वरही असेल असं धरा. अंदाज १४३. सूत्रात मांडायचं तर महत्तम क्रमांक, अधिक महत्तम भागिले नमुन्याचा आकार, वजा १. हा आकलक अनभिनत आहे.

ऑगस्ट १९४२ साठी या धाटणीच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने ३२७ हा अंदाज दिला होता, तर हेरगिरीच्या माहितीवरून १५५० हा आकडा निघत होता. युद्धानंतर जर्मन नोंदी पाहिल्यावर खरा आकडा निघाला ३४२.

याच कामासाठी दुसराही अनभिनत आकलक आहे: सरासरीची दुप्पट वजा १. समजा ३, ९, १२, १६ आणि ९० असे क्रमांक मिळाले. सरासरी २६, अंदाज ५१. पण ९० क्रमांकाचा रणगाडा तर समोर उभा आहे! कृती सरासरीने बरोबर असली तरी एखाद्या वेळी उघड अशक्य उत्तर देऊ शकते. दोन अनभिनत आकलकांमधून निवडताना म्हणूनच त्यांचं प्रचरण पाहायचं, आणि इथे महत्तमावर आधारलेला आकलक कमी डळमळतो.

याहून टोकाचं उदाहरण प्वासाँ वितरणाचं, म्हणजे ठरावीक वेळात किती घटना घडतील याच्या शक्यता सांगणाऱ्या वितरणाचं. एका तासात आलेल्या फोनची संख्या पाहून पुढच्या दोन तासांत एकही फोन न येण्याची शक्यता किती, हा अंदाज हवा आहे. एकाच निरीक्षणावर आधारलेला अनभिनत आकलक इथे एकच आहे: फोनची संख्या सम असेल तर उत्तर १, विषम असेल तर उणे १. दहा फोन आले तर ‘पुढे एकही येणार नाही, खात्रीने’, आणि नऊ आले तर उणे शक्यता. गणित बिनचूक, उपयोग शून्य. आणि काही ठिकाणी अनभिनत आकलक अस्तित्वातच नसतो. नाणं ठरावीक वेळा उडवून छापा पडण्याच्या शक्यतेचा व्यस्तांक, म्हणजे १ भागिले ती शक्यता, अनभिनतपणे काढता येत नाही, कारण कोणत्याही आकलकाचं अपेक्षित मूल्य, म्हणजे सगळ्या नमुन्यांवरची सरासरी, त्या शक्यतेची बहुपदी असते आणि व्यस्तांक बहुपदी नसतो.

पायरी चौथी: अभिनती आणि डळमळ एकत्र तोला

अंदाज आणि खरा प्राचल यांतल्या अंतराच्या वर्गाची सरासरी म्हणजे सरासरी वर्ग त्रुटी. ती बरोबर प्रचरण अधिक अभिनतीचा वर्ग. थोडी अभिनती स्वीकारून प्रचरण बरंच खाली येत असेल, तर सौदा फायद्याचा.

पाच निरीक्षणं प्रसामान्य वितरणातून आली आहेत आणि खरं प्रचरण १ आहे असं धरा. वर्गांच्या बेरजेला ४ ने भागणाऱ्या अनभिनत आकलकाची त्रुटी ०.५०. ५ ने भागलं तर ०.३६. ६ ने भागलं तर ०.३३. म्हणजे या निकषावर ‘नमुन्याचा आकार अधिक १’ ने भागणं सगळ्यात चांगलं. संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये याहून धक्कादायक गोष्ट सिद्ध केली: प्रसामान्य वितरणांच्या तीन किंवा अधिक सरासरी एकाच वेळी अंदाजायच्या असतील, तर प्रत्येकीसाठी तिची नमुना सरासरी वापरण्यापेक्षा एकूण त्रुटी नेहमीच कमी ठेवणारे आकलक असतात, आणि ते अभिनत असतात. आज मशीन लर्निंगमध्ये गुणांक मुद्दाम शून्याकडे ओढण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतला विचार हाच.

मग अनभिनततेचा आग्रह कधी धरायचा? माझं मत स्पष्ट आहे: जिथे अनेक लहान अंदाज पुढे एकत्र मिळवले जाणार आहेत तिथे. वर-खाली होणाऱ्या चुका बेरजेत एकमेकींना खोडतात, पण एकाच दिशेची चूक कधीच खोडली जात नाही. हजार गट आहेत, प्रत्येकात दोन मोजमापं, गटांच्या सरासरी वेगवेगळ्या पण प्रचरण एकच. प्रत्येक गटात २ ने भागून मग हजार गटांची सरासरी काढा, उत्तर खऱ्याच्या निम्म्यावर जाऊन घट्ट बसेल. दहा लाख गट घेतले तरी ते निम्मंच राहील. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी १९४८ मध्ये हीच अडचण मांडली होती. एकदाच अंदाज बांधून एकच निर्णय घ्यायचा असेल, तर मात्र मी सरासरी वर्ग त्रुटी पाहीन.

अनभिनत असणं आणि सुसंगत असणं, म्हणजे नमुना वाढेल तसं प्राचलाच्या जवळ जाणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. हजार निरीक्षणांतलं फक्त पहिलं वापरलं तर सरासरीसाठी तो आकलक अनभिनतच आहे, पण नमुना कितीही वाढवा, तो सुधारत नाही. उलट पूर्ण आकाराने भागलेलं प्रचरण अभिनत आहे, पण एकाच मोठ्या नमुन्यात ती अभिनती विरून जाते: १० च्या नमुन्यात दहा टक्के, १०० च्या नमुन्यात एक टक्का.

पायरी पाचवी: सूत्र सापडत नसेल तर संगणकाला विचारा

एखाद्या आकलकाची अभिनती कागदावर काढता येत नसेल तर सिम्युलेशन करा, म्हणजे संगणकावर बनावट नमुने तयार करून पाहा. ज्याचा प्राचल तुम्हाला ठाऊक आहे असं वितरण निवडा. फासा चांगला: त्याचं प्रचरण ३५ भागिले १२, म्हणजे सुमारे २.९२. पाच वेळा फासा टाकल्याचा नमुना बनवा, आकलक चालवा, उत्तर साठवा. हे १०,००० वेळा करा आणि उत्तरांची सरासरी घ्या. ५ ने भागणारा आकलक २.३३ च्या आसपास येईल, ४ ने भागणारा २.९२ च्या.

इथे एक काळजी घ्या. सिम्युलेशनच्या सरासरीतही थोडी चूक असते. साठवलेल्या उत्तरांचं प्रमाण विचलन काढून त्याला १०० ने, म्हणजे १०,००० च्या वर्गमुळाने, भागा. दिसणारी तफावत याच्या दुप्पट-तिप्पटीच्या आत असेल तर तिला अभिनती म्हणायची घाई करू नका. आणि एकाच वितरणावर थांबू नका. एका बाजूला कललेलं वितरण घेतलं की बऱ्याच आकलकांची खरी वागणूक दिसते.

सूत्र जे दुरुस्त करू शकत नाही

हे सगळं नमुना यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने निवडलेला, असेल तरच खरं. निवडच एकांगी असेल तर वजा १ काही करू शकत नाही. १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत एका साप्ताहिकाने २० लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा करून उमेदवार लँडन जिंकतील असं सांगितलं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट प्रचंड फरकाने जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांसारख्या ठिकाणांहून घेतले होते, शिवाय उत्तर पाठवणारे हे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. नमुना मोठा केल्याने अशी चूक घटत नाही, फक्त चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो. आकलक तपासण्याआधी निरीक्षणं कशी आली ते विचारा.

सॉफ्टवेअर काय करतं ते पाहून घ्या

एकाच माहितीवर दोन साधनं वेगवेगळं प्रचरण देतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नम्पाय या संचाचं प्रचरण काढणारं व्हार फंक्शन काही न सांगता पूर्ण आकाराने भागतं, तर पांडास या दुसऱ्या संचाचं १ वजा करून. नम्पायमध्ये किती वजा करायचं हे सांगणारा डीडीओएफ हा पर्याय १ ठेवला की दोन्ही जुळतात. आर भाषेतलं व्हार नेहमी १ वजा करतं. एक्सेलमध्ये व्हार डॉट एस नमुन्यासाठी आहे आणि व्हार डॉट पी पूर्ण समष्टीसाठी. नव्या साधनाला २, ४, ६ हे तीन आकडे द्या. उत्तर ४ आलं तर ते १ वजा करून भागतं, २.६७ आलं तर पूर्ण आकाराने. अहवालात प्रचरण किंवा प्रमाण विचलन देताना कशाने भागलं आणि नमुना किती आकड्यांचा होता हे शेजारीच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला गरज पडल्यास एका गुणाकारात दुसरं उत्तर काढता येतं.